सड्यांची बेटे आणि आगंतुक तणे

'तण' ही संज्ञा वनस्पतींच्या वर्गीकरणातील नव्हे. ती वनस्पती आणि स्थळ यांच्यातील संबंधाची द्योतक आहे. एका प्रदेशात जी वनस्पती मानवास उपयुक्त ठरते, तीच अन्यत्र उपद्रवी होऊ शकते. काळी मोहरी (ब्रासिका नायग्रा) हे याचे बोलके उदाहरण होय. भारतात पिकणाऱ्या मोहरीची (ब्रासिका जुन्सिया) ती एक जननी आहे. वू जांग-चून यांनी १९३५ साली मांडलेल्या विवेचनानुसार काळ्या मोहरीची ८ आणि ब्रासिका रापाची १० गुणसूत्रे एकत्र येऊन या मोहरीची १८ गुणसूत्रे सिद्ध झाली. परंतु हीच काळी मोहरी कॅलिफोर्नियात व तेथील किनाऱ्यासमोरील चॅनेल बेटांवर परकीय तण म्हणून वाढते. तिचे उंच दाट ताटवे स्थानिक रोपांचा प्रकाश हिरावून घेतात आणि वाळलेली ताटे वणव्यास इंधन पुरवितात. तिचे बीही चिवट असते. विल्यम बील यांनी १८७९ साली अमेरिकेत बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी काळ्या मोहरीचे काही बी ५० वर्षांनंतरही रुजले.

बेटांवर अशा आगंतुकांचे फावते, याकडे चार्ल्स एल्टन यांनी आक्रमक जीवांवरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात लक्ष वेधले होते. बेटावरील जातींची संख्या अल्प असते, त्यांपैकी कित्येक जाती अन्यत्र कोठेही आढळत नाहीत, आणि स्थानिक समूह नाहीसा झाल्यास तो भरून काढण्यास जवळपास दुसरा समूह नसतो. ही लक्षणे ध्यानात घेतली म्हणजे बेट समुद्रातच असावे लागते असे नाही, हे स्पष्ट होते. सातारा जिल्ह्यातील कास व चाळकेवाडी येथील सडे, तसेच सांगली जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील चांदोलीच्या अरण्यातील झोळंबीचा सडा, ही अशीच भूवेष्टित बेटे होत.

सडा म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश आहे. येथे मातीचा थर अत्यंत पातळ असतो. पावसाळ्यात ती पाण्याने थबथबते आणि उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते. अन्नद्रव्यांचे दारिद्र्य एवढे की, दवबिंदू व सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती कीटक व सूक्ष्म जीव पकडून नत्राची उणीव भरून काढतात. वायतुरा (अपोनोजेटन साताऱ्हेन्सिस) ही साताऱ्याचे नाव धारण करणारी जाती १९८२ साली शास्त्रास ज्ञात झाली. तिचे सारे जग सह्याद्रीतील मोजक्या सड्यांपुरते मर्यादित आहे.

या बेटांच्या दाराशी उभा असलेला आगंतुक म्हणजे गाजरगवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) होय. मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील हे तण १९५५ साली पुण्यात लक्षात आले. अमेरिकन गव्हाच्या १९५६ च्या पी. एल. ४८० कराराशी त्याचा संबंध जोडण्याची प्रथा आहे. तथापि पुण्यातील नोंद त्या करारापूर्वीची असल्याने ही उपपत्ती स्वीकारता येत नाही. सांप्रत ते देशातील बहुतेक सर्व राज्यांत पसरले आहे. एक जोमदार रोप १५,००० ते २५,००० बिया निर्माण करू शकते. ते पार्थेनिन हे द्रव्य स्रवते. त्यामुळे शेजारच्या रोपांची वाढ खुंटते आणि माणसास त्वचादाह होतो.

असे असूनही गाजरगवत अखंड वनस्पती-आच्छादनात सहसा शिरकाव करू शकत नाही. त्यास उकरलेली, मोकळी व काहीशी सकस माती लागते. खडकाळ सड्याचे दारिद्र्य हीच म्हणून त्याची तटबंदी होय. ही तटबंदी माणूस फोडतो. रस्त्यासाठी मुरूम व माती आणून टाकली जाते. वाहनतळासाठी पृष्ठभाग सपाट केला जातो. पवनचक्क्यांपर्यंत अवजड यंत्रे नेण्यासाठी वाटा पाडल्या जातात. चाकांना लागलेल्या चिखलातून बीही तेथे पोहोचते. अशा रीतीने पठारावर परक्या मातीची पट्टी तयार होते आणि तीवर परके तण उभे राहते. म्हणजेच आधी भूमी बदलते, मग वनस्पती बदलतात.

बियांचा साठा मात्र खाली कृष्णेच्या खोऱ्यात आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील पाटांच्या कडा, उसाचे बांध, पडीक राने आणि गावठाणांच्या सीमा येथे ओलावा असेल तोवर गाजरगवताच्या पिढ्या चालू राहतात. त्याच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोहून १९८३ साली आणलेला झायगोग्रामा भुंगा १९८४ पासून बंगळूर परिसरात सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने फस्त करतो, परंतु कोरड्या ऋतूत जमिनीत सुप्तावस्थेत जातो. नेमक्या त्याच काळात पाटाच्या पाण्यावर वाढणारे तण निर्धास्त असते. टाकळ्यासारख्या स्पर्धक वनस्पतीचे बी पेरण्याचा उपाय बांधावर योग्य असला, तरी सड्यावर तो घातक ठरेल. तेथे तणाच्या जागी दुसरी दाट वनस्पती नको आहे. तेथे मूळची विरळताच टिकावयास हवी.

यावरून संरक्षणाची दिशा निश्चित होते. सड्याच्या मध्यभागी तणाचा शोध घेत फिरण्यापेक्षा त्याची कड राखणे अधिक फलदायी होय. बाहेरची माती वर न आणणे, वाहने पायथ्याशी थांबविणे, आणि रस्त्याकडेची रोपे फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हे उपाय साधे असले तरी मूलगामी आहेत. संशोधकांपुढील कार्यही येथूनच आरंभ होते. रस्त्याच्या कडेपासून सड्याच्या अंतर्भागापर्यंत ठरावीक अंतरांवर मातीची खोली, नत्राचे प्रमाण व बियांचा साठा वर्षानुवर्षे मोजला, तर आक्रमण कोणत्या मर्यादेवर थांबते हे कळू शकेल. खोऱ्यातील शेतात तण एकदा चुकले तर पुढील हंगामी ते खुरपता येते. वायतुऱ्याच्या डबक्यात मात्र माती साचल्यास त्यास सरकण्यास दुसरी भूमी उरत नाही.