भोक पाडण्याआधी

जुन्या फियाटच्या अंगावरची चकचकीत पट्टी खोलली की खाली पत्र्यात ओळीनं भोकं दिसतात. करंगळीही जाणार नाही इतकी लहान. प्रत्येकाभोवती गंजाचं तांबूस कडं आणि त्या ओळीच्या मधून बोटभर रुंदीचा, गाडीचा मूळ रंग. मधल्या काळात मालक बदलले, गाडी दोनदा पांढरी झाली, एकदा मरून झाली, पण पट्टीखालचा फिकट हिरवा तसाच राहिला. कारण रंगाऱ्यानं पट्टी काढण्याचा त्रास न घेता कडेनं टेप लावून फवारा मारला होता. कामचुकारपणाच तो. पण आज गाडी मूळ रंगात आणायची असेल, तर त्या कामचुकाराचे आभार मानावे लागतात. ऊन न लागलेला असा नमुना गाडीवर दुसरीकडे क्वचितच सापडतो.

नाशिकमध्ये जुन्या गाड्या ‘बनवायला’ घेणारे लोक आहेत आणि त्यांच्या गाड्या उघडून बसलेली गॅरेजं आहेत. या गॅरेजांत प्रत्येक कामाला नाव आहे. इंजिनाचा मिस्त्री, वायरमन, डेंटर, पेंटर, कुशनवाला. बाहेरच्या पट्ट्या, मोनोग्राम, काचेभोवतीची चौकट, व्हील कप बसवणाऱ्याला मात्र नाव नाही. ज्याचा हात शांत असेल त्याच्याकडे ते काम जातं. कधी कुशनवाल्याकडे, कधी थेट मालकाकडे. गाडी पाहायला आलेला माणूस आधी बघतो ते हेच, आणि बिलावर सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा ‘किरकोळ’ या सदराखाली येतं तेही हेच.

इथं येणाऱ्या गाड्यांत फियाट भरपूर असणं साहजिक आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लायमाउथ, मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार. गोलमटोल अंगाच्या ११०० ला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, ते नाव अजून टिकून आहे. नंतर चौकोनी चेहऱ्याची डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं तेच इंजिन आणि स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. कसारा घाटात बॉनेट उघडून, रेडिएटरचं पाणी थंड होण्याची वाट बघत बसलेली कुटुंबं ज्यांना आठवतात, त्यांना हिची वेगळी ओळख करून द्यायला नको. याच वालचंदांनी १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना काढला होता. त्याच कारखान्याच्या वंशातला ओझरचा कारखाना नाशिकच्या वेशीवर आहे. म्हणजे नाशिककरांचा त्यांच्याशी संबंध दोन्हीकडून आला, रस्त्यावरून आणि आकाशातून.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरल्या. त्या भंगारात गेल्या तशी दारं, हँडल, काचेच्या चौकटी असा माल काही काळ बाजारात येत राहिला. आता पट्टीची जोडी मिळणं कठीण. एकटी मिळते, ती डावीकडची असते, आणि हवी असते उजवीकडची.

सगळी चमक एका धातूची नसते, आणि इथंच नवखा फसतो. अंगावरच्या लांब पट्ट्या बहुधा स्टेनलेस स्टीलच्या असतात. काही ॲल्युमिनियमच्या, वरून ॲनोडाइझ केलेल्या. मोनोग्राम आणि हँडलं बऱ्याचदा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची, त्यावर क्रोम. बंपर पोलादाचा, त्यावर क्रोम. गॅरेजात या सगळ्याला सरसकट ‘निकल’ म्हणतात. सवयीनं म्हणत असले तरी ते चुकीचं नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोटारीची चमक निकेलचीच होती. आजही क्रोमच्या भागावर आपल्याला भावतं ते बरंचसं खालचं निकेलच. वरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. निळसर झाक आणि कडकपणा त्याचा, खोली निकेलची.

स्टेनलेसचा स्वभाव बाकीच्यांपेक्षा उमदा. पोचा आला तरी तो आतून उचलता येतो. पट्टी उलटी करून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायची आणि नखाएवढ्या तोंडाच्या हातोडीनं मागून टिचक्या मारायच्या. टिचकी म्हणजे टिचकीच. ठोका दिला तर समोर फुगवटा येतो आणि पत्रा ताणला जातो. ताणलेला पत्रा परत आकसत नाही. मग कानस, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, खरखरीतापासून दोन हजार नंबरपर्यंत, आणि शेवटी बफ.

हे काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जुन्या नाशकातली तांबट लेन आठवली. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी १८८३ च्या इंग्रजी गॅझेटियरलाही दखल घ्यावी लागली इतकी नावाजलेली. तांबटाचा हातोडा आणि पट्टी उचलणाऱ्याचा हातोडा यांत फरक वजनाचा आहे, डोळ्याचा नाही. दोघंही ठोका मारतात एका बाजूनं आणि बघतात दुसऱ्या बाजूला. तांबट मात्र ठोक्यांच्या खुणा अभिमानानं ठेवतो. त्यालाच तर आपण मठार म्हणतो. पट्टीवाल्याला स्वतःची एकही खूण मागे ठेवायची परवानगी नाही.

ॲल्युमिनियमला थेट बफ लावला तर तासभर घासूनही ते ढिम्म राहतं, कारण वरचा ॲनोडाइझचा थर काचेसारखा कडक असतो. तो आधी कॉस्टिक सोड्यात उतरवावा लागतो, आणि सोड्यात पट्टी दोन मिनिटं जास्त राहिली तर धातूच खाल्ला जातो. सगळ्यात वाईट जस्त. त्यावर बारीक फोड येतात, देवीच्या व्रणांसारखे. क्रोम उतरवलं की खाली खड्डे. ते कोरून साफ करायचे, तांब्यानं भरून पुन्हा घासायचे, आणि तांबं चढवतानाही साध्या आम्लाच्या टाकीत घालायचं नाही, कारण आम्ल जस्तालाच खातं. आधी सायनाइडच्या टाकीतून तांब्याचा पातळ हात द्यायचा, मग पुढचं.

म्हणून मोनोग्राम फारच गेला असेल तर काहीजण पितळेत नवा ओतून घेतात. कल्पना छान, पण तिच्यात एक गंमत आहे. जुन्यावरून साचा घेतला आणि पितळ ओतलं की थंड होताना ते दीड-दोन टक्के आकसतं. वीतभर लांबीच्या अक्षरांत हा फरक तीन-चार मिलिमीटरचा होतो. अक्षरं हुबेहूब, झळाळी अस्सल, आणि मागचे खिळे बॉनेटच्या भोकांत बसत नाहीत. जाणता ओतारी नमुनाच तेवढा मोठा करून घेतो. अजाणता ओतारी तुम्हाला बॉनेटला नवी भोकं पाडायला सांगतो.

क्रोमसाठी माल प्लेटिंगवाल्याकडे जातो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत गाड्यांच्या नव्या सुट्या भागांचं काम चालतं. तिथं हजारोंच्या लॉटची सवय. पन्नास वर्षांचा एक बंपर घेऊन आलेला माणूस त्यांना गिऱ्हाईक कमी आणि विरंगुळा जास्त वाटतो. क्रोमची टाकी नारिंगी दिसते. लिटरला साधारण अडीचशे ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं गंधकाम्ल. हे प्रमाण बिघडलं की चमक दुधाळ होते. टाकीतून उडणारं धुकं नाकातला पडदा खातं, आणि त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. म्हणून ते सांडपाण्यात सोडण्याआधी रसायनानं कमी घातक रूपात आणावं लागतं. कोपऱ्यावरच्या शेडमध्ये स्वस्तात क्रोम करून मिळतं तेव्हा वाचलेले पैसे कुणाच्या नाकातून आणि कुठल्या नाल्यातून वसूल झाले, हे मला विचारावंसं वाटतं. बहुतेक वेळा मी विचारत नाही.

आता बसवणं. लोकांना वाटतं, रंग झाला, की पट्टी चिकटवा आणि संपवा. खरं म्हणजे पट्टी रंगाआधी एकदा पूर्ण बसवून बघावी लागते, कारण डेंटरनं दाराचा खालचा पत्रा कापून नवा जोडला असेल तर जुनी भोकं गेलेली असतात. नवं भोक कुठे पाडायचं हा या कामातला एकमेव मोठा निर्णय आहे, आणि तो बदलता येत नाही. भोक बुजवायचं म्हणजे वेल्डिंग, पुन्हा लांबी, पुन्हा रंग.

डावीकडचं माप घेऊन उजवीकडे उतरवायचं, असं इंजिनिअर मंडळी सुचवतात. ते चालत नाही. एवढी वर्षं ठोकर खाल्लेल्या गाडीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांत सारखी हवा भरून, स्वतःच्या वजनावर उभी करायची. जॅकवर नाही, कारण जॅकवर बॉडी किंचित वाकते आणि दारांच्या फटी बदलतात. दारं बंद. मग पुढच्या मडगार्डापासून मागच्या शेपटीपर्यंत मास्किंग टेपची एकच सलग रेघ ओढायची आणि दहा पावलं मागं जायचं. लेव्हल लावून ओढलेली अगदी आडवी रेघ इथं झुकल्यासारखी दिसते, कारण खालचा पत्रा वळत गेलेला असतो. डोळ्याला जी सरळ दिसते ती खरी. टेप काढायची, परत लावायची, परत मागं जायचं. या कामाला अर्धा दिवस गेला तर तो वाया गेला असं कुणी समजू नये, बघणारे समजतात.

दाराच्या कडेशी पट्टी दोन-तीन मिलिमीटर आत थांबवायची. पुढचं दार उघडताना त्याची कड मडगार्डाकडे वळते. पट्टी अगदी कडेपर्यंत नेली तर पहिल्याच उघडझापीत नव्या रंगाचा टवका उडतो. भोक आधी बारीक, मग मापाचं, कडेचा बूर काढून उघड्या धातूला लगेच प्रायमरचा हात. मूळ कारखान्यात या शेवटच्या गोष्टीला वेळ नव्हता, आणि तांबूस कडं तिथूनच सुरू झालं.

क्लिप स्प्रिंगच्या पोलादाची. ती सैल असेल तर पट्टी चाळीसच्या वेगात वाजायला लागते, घट्ट असेल तर बसवताना पट्टी मुरडते. वरची कड आधी अडकवायची आणि खालची तळहातानं दाबत न्यायची. ‘टक्’ असा एकेक आवाज येतो. हातोडी रबराची असली तरी लांबच ठेवलेली बरी. पट्टीच्या टोकाला नट-बोल्ट असतो, तो दाराच्या आतलं पॅड काढून कसायचा. मूळ क्लिपा मिळत नाहीत म्हणून हल्ली दुतोंडी टेप वापरतात. भोकं पाडावी लागत नाहीत, गंज नाही, काम तासाभरात. मला ते आवडत नाही. पट्टी पत्र्यावर बसल्यासारखी न वाटता तरंगल्यासारखी वाटते, आणि मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर तिचं एक टोक हळूच सुटून येतं.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नकोत. पट्टी या तिन्हींत येत नाही. १९७४ ची पहिली पद्मिनी या वयात २०२४ मध्ये पोचली, आणि तिच्या मालकांपुढे कायदा सोडवत नाही असा प्रश्न आला: पोचे आलेली मूळ पट्टी ठेवायची की चकचकीत नवी लावायची? जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची २०१२ ची तुरिन सनद जतनाला पहिला मान देते, दुरुस्तीला नंतरचा. माझा कौल पोच्यांकडे आहे, पण लग्नात नवरदेवाला त्याच गाडीतून मिरवायचं असेल तर माझं कोण ऐकणार. शिवाय वरातीच्या फुलांच्या माळा चिकटटेपनं त्याच पट्टीला बांधल्या जातात आणि ओल्या झेंडूचा डाग सकाळी बफवाल्याच्या वाट्याला येतो.

सगळं बसल्यावर पाण्याची चाचणी असते. नळीचं पाणी वरून, पाऊस पडल्यासारखं, दहा मिनिटं. क्लिपेच्या मागं सिलंट नीट बसलं नसेल तर पाणी भोकातून दाराच्या पोटात उतरतं. गाडी रात्रभर तशीच ठेवतात. सकाळी मिस्त्री दाराच्या आतलं पॅड सैल करतो, मनगटापर्यंत हात आत घालतो, बोटं पत्र्यावरून मागं-पुढं फिरवतो आणि बाहेर काढून अंगठ्यावर चोळून बघतो.