पेनड्राइव्ह खेचण्याआधी

आजचा भाग छोटा आहे, पण ज्यांनी कधी ना कधी पेनड्राइव्ह सरळ खेचून काढलाय त्यांनी शेवटपर्यंत ऐका. म्हणजे सगळ्यांनीच.

२०१५ चा सिंहस्थ. १३ सप्टेंबरचं शाही स्नान झालं, गर्दी जरा ओसरली, आणि आम्ही आजीला रामकुंडावर घेऊन गेलो. घरी आल्यावर कॅमेऱ्याच्या कार्डातले फोटो मी लॅपटॉपवरून पेनड्राइव्हमध्ये टाकले. पट्टी १०० टक्के झाली, पेनड्राइव्ह काढला, कार्ड फॉरमॅट करून दादाला परत दिलं. प्रिंट काढायला गेलो तर निम्मे फोटो अर्धे राखाडी. आजी आता नाही. त्या दिवसाचा तिचा एकच फोटो नीट उघडतो, आणि त्यात ती पाठमोरी आहे.

झालं काय होतं? माझ्याकडे उबुंटू होतं. लिनक्समध्ये कॉपी 'झाली' याचा अर्थ डेटा रॅममध्ये पोचला, एवढाच. तिथून तो पेनड्राइव्हवर नंतर, सवडीने लिहिला जातो. नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण ३० सेकंद जुना झालेला डेटा कर्नल लिहायला घेतो, आणि स्वस्तातला पेनड्राइव्ह असेल तर त्यापुढेही बराच वेळ जातो. विंडोजने २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी हे साठवणं मुळातच बंद ठेवलंय. तरी कॉपी चालू असताना खेचलात तर वाचवणारं कुणी नाही.

मग टर्मिनलवर काय करायचं? आधी 'एलएसबीएलके'. साइज बघून आपली डिस्क ओळखा, समजा एसडीबी, पार्टिशन एसडीबी-वन. मग 'सिंक' टाइप करून एंटर. कर्सर परत येईपर्यंत हात लावायचा नाही. मग 'सुडो यूमाउंट स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी-वन'. स्पेलिंगमध्ये यू नंतर थेट एम, मधला एन नाही. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय. शेवटी 'यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ, डॅश बी, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी'. यानंतर वीज बंद, दिवा विझतो, आता काढा.

'टार्गेट इज बिझी' आलं तर दहातल्या नऊ वेळा दोषी तुम्हीच असता, टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उभं असतं. 'सीडी' मारून बाहेर या. नाहीतर 'एलएसओएफ' आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ता द्या, कुणी अडवलंय ते दिसेल. नेटवर कुणी 'यूमाउंट डॅश एल' सांगेल, ते नको. त्याने डिस्क फक्त नजरेआड होते, लिहिणं मागे चालूच राहू शकतं.

आता उलटी बाजू, डिस्कवर काहीच लिहिलं जाऊ नये अशी. एसडी कार्डाच्या कडेला लॉकचं बटण असतं, पण ते कार्डाला कळतच नाही. रीडर ते बघतो आणि मानायचं की नाही हे रीडर ठरवतो. कमांडवर 'माउंट डॅश ओ आरओ' आहे. गंमत म्हणजे ईएक्सटी-फोर डिस्क नीट बंद झालेली नसेल, तर नुसतं वाचायला उघडतानाही लिनक्स तिचं जर्नल दुरुस्त करतं, म्हणजे लिहितंच! म्हणून माउंट करण्याआधी 'ब्लॉकडेव्ह डॅश डॅश सेट-आरओ', डिस्क आणि पार्टिशन दोन्हींवर. एलएसबीएलकेच्या आरओ रकान्यात १ दिसला की झालं. डिस्क काढून परत लावली की हे कुलूप जातं, पुन्हा लावायचं.

हे फक्त आपल्यासारख्या किड्यांसाठी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. डिस्कवर एक बाइट बदलला की तिचा हॅश बदलतो. म्हणून फॉरेन्सिकवाले कमांडवर विसंबत नाहीत, मध्ये राइट-ब्लॉकर नावाची वेगळी डबीच लावतात.

आणि पेनड्राइव्ह आपोआपच 'राइट प्रोटेक्टेड' म्हणायला लागला तर? विंडोजवर 'डिस्कपार्ट' उघडून 'ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली' एकदा करून बघा, डिस्कचा नंबर दोनदा तपासून. तरी सुटला नाही, तर बहुतेक आतली चिप थकलीय आणि कंट्रोलरनेच लिहिणं बंद केलंय. व्हिडिओ बघून फॉरमॅटच्या मागे लागू नका. वाचता येतंय तोवर सगळं दुसरीकडे कॉपी करा. आणि कॉपी झाल्यावर, सिंक.