आकड्यांना सोनं, तबकडीला नाही

सूर्यघड्याळ म्हटलं की गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते. पितळी तबकडी, घासून लखलखीत केलेली, वर लॅकर. ब्रिटनमध्ये पाटीच्या दगडावर सूर्यघड्याळं कोरणाऱ्या कारागीर बाईंचा या मागणीला ठाम नकार असतो. चकचकीत पृष्ठभागावर सावली नीट उमटतच नाही. शिवाय ऊनपावसात लॅकर पिवळं पडतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्याखाली पितळ डागाळतं. त्यामुळे दगड घोटायचा तो मंदच ठेवायचा. चमकायचं ते आकड्यांनी.

आकडे व्ही-आकाराच्या खाचेत कोरलेले असतात. धूळ झाडून, रंगाचा अस्तर-हात देऊन त्या खाचेत जवसाच्या तेलाचा चिकट थर लावला जातो. कार्यशाळेत त्याचाच वास भरलेला असतो. हे तेल बारा तासांचं, म्हणजे लावल्यावर साधारण तेवढ्या वेळानं सोनं धरण्याजोगं होणारं. मग बाई बोटाचं पेर त्यावर टेकवतात. पेर उचलताना बारीकसा आवाज आला, पण तेल बोटाला लागलं नाही, की वेळ झाली. आधी घाई केली तर सोनं तेलात बुडून निस्तेज होतं. उशीर झाला तर धरतच नाही.

वर्ख 23.5 कॅरटचा. जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी. खारीच्या केसांचा चपटा ब्रश बाई आधी गालावरून फिरवतात. कातडीचा तेवढा तेलकटपणा वर्ख उचलायला पुरतो. दारं-खिडक्या बंद, आणि श्वाससुद्धा बेतानं.

मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, तरी तो उघड्यावर वीस-पंचवीस वर्षं सहज टिकतो, कारण सोनं गंजत नाही. डब्यातल्या ‘सोनेरी’ रंगात बहुधा तांबं-जस्ताची भुकटी असते. ती बाहेर लवकरच तपकिरी पडते. स्वस्त म्हणून घेतलेला हा रंग पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, म्हणजे महागातच पडतो.

रंगांचंही असंच. बरेच सेंद्रिय रंग उन्हात उडतात, गेरूसारखे मातीचे रंग टिकतात. फ्रान्समधल्या केरास खोऱ्यात झार्बुला नावाच्या चित्रकारानं 19व्या शतकात घरांच्या भिंतींवर, ओल्या चुन्यावर सूर्यघड्याळं रंगवली. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून दगडासारखा होतो, तेव्हा त्यावर दिलेला रंग त्यातच पक्का बसतो.

शेवटी तबकडीवर सावली पाडणारा शंकू बसतो, ब्राँझचा. तो बसवायला लोखंडी खिळा वापरला आणि गंजून फुगला तर दगड तडकतो. ब्राँझ हिरवट होईल, होऊ द्यायचं. सोन्यावर लॅकर नाही, पॉलिश नाही. धुवायला मऊ ब्रश आणि साधं पाणी.