रत्नागिरीच्या आठवणींचे दप्तर

इतिहासाच्या साधनांमध्ये सरकारी दप्तर आणि खासगी कागद असे दोन ठळक प्रवाह मानले जातात. वसूल, न्याय, फौज आणि नेमणुका यांच्या नोंदी राज्यकारभाराच्या गरजेतून तयार होतात आणि तो कारभार टिकतो तोवर सांभाळल्याही जातात. पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, वाटणीपत्रे, रोजनिश्या आणि आत्मवृत्ते मात्र घराच्या गरजेतून जन्मतात, आणि त्यांचे आयुष्य त्या घराच्या आस्थेवर अवलंबून असते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या इतिहासात या दुसऱ्या प्रवाहाला विशेष मोल आहे. 1880 साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी व सावंतवाडी यांच्या गॅझेटियरमध्ये बंदरे, पिके, जाती आणि खोती पद्धत, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी आणि त्याबरोबरचे हक्क खोताकडे असण्याची व्यवस्था, यांची तपशीलवार माहिती मिळते. परंतु त्या गावांत वाढलेल्या माणसांनी भूक, प्रवास, वैधव्य किंवा अस्पृश्यता कशी सोसली, हे जाणण्यासाठी त्यांच्याच शब्दांकडे वळावे लागते.

असे कागद ज्या रूपात हाती येतात, ते रूपही अभ्यासकाला बरेच काही सांगते. जुनी पत्रे आणि हिशेब बहुधा हातकागदावर बोरूने, मोडी लिपीत लिहिलेले असत. मोडी ही अक्षरे जोडून भरभर लिहिण्याची लिपी असून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती व्यवहारात होती. संबंधित कागद एकत्र करून चौकोनी कापडात बांधले म्हणजे त्या गाठोड्याला रुमाल म्हणत, आणि असे रुमाल जेथे ठेवले जात तो दप्तरखाना. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदाच्या शेजारी होता, यावरून त्याचा काळ, कारण आणि मालक ठरवता येतो, म्हणून दप्तराचा मूळ क्रम मोडणे हे कागद फाडण्याइतकेच हानिकारक ठरते.

जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या जुन्या व्यक्तिगत लेखनात नाना फडणीसांच्या आत्मवृत्ताचे स्थान मोठे आहे. नानांचे भानू घराणे मंडणगड तालुक्यातील वेळासचे. पुढे पेशवा झालेल्या बाळाजी विश्वनाथाबरोबर हे घराणे घाटावर गेले आणि नानांचा जन्म 1742 साली साताऱ्यास झाला. पुढे मराठी राज्याचा कारभार हाकणाऱ्या या मुत्सद्द्याने आपल्या बालपणाचे, मनाच्या दुर्बलतांचे आणि 1761 च्या पानिपतातून जीव वाचवून परतण्याचे जे कथन केले, ते राजकीय पत्रव्यवहारात कधीही दिसले नसते; आईच्या वियोगाने व्याकूळ झालेला तरुण आणि पुढचा सावध कारभारी एकच आहेत, हे या छोट्या लेखामुळेच कळते. नानांच्या कारभाराचे दप्तर वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात राहिले, त्यातील मोठा भाग इतिहाससंग्राहक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मिळवला, आणि त्यांच्या साताऱ्याच्या संग्रहातून तो 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. वेळासच्या घराण्याचे कागद मेणवली, सातारा आणि पुणे असे फिरले, ही गोष्ट रत्नागिरीच्या बाबतीत प्रातिनिधिक आहे. येथील माणसे पोटासाठी आणि कर्तृत्वासाठी घाट चढून किंवा बोटीने बाहेर पडली, आणि त्यांच्या आठवणीही त्यांच्यामागोमाग बाहेर गेल्या.

मूळ कागद जपण्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते कोकणातल्याच, आज रायगड जिल्ह्यात असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासवृत्तात. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने 1857 साली उत्तरेकडे निघालेला हा गरीब भिक्षुक बंडाच्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला आणि अनेक हालअपेष्टा सोसून घरी परतला. त्याने पुढे लिहून काढलेल्या आठवणी चिंतामण विनायक वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 साली छापल्या. वैद्यांनी भाषा सुधारली आणि काही मजकूर वगळला. राजद्रोहाच्या खटल्यांचे सावट असलेल्या त्या काळात अशी सावधगिरी समजण्यासारखी असली, तरी वाचकांपुढे आले ते संपादकाच्या हातून गेलेले पुस्तक होते. मूळ हस्तलिखित 1922 साली भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सुपूर्द झाले आणि त्याच्या आधारे दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली मूळबरहुकूम आवृत्ती काढली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 1910 साली पुण्यात स्थापन केलेल्या या मंडळाने ते बाड सांभाळले नसते, तर छापील आवृत्तीतील प्रत्येक बदल कायमचा सत्य म्हणून उरला असता. पुस्तक छापले गेले म्हणजे हस्तलिखिताचे काम संपले, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

खुद्द रत्नागिरी जिल्ह्याने आधुनिक मराठी आत्मकथनाला दिलेली लेणी थोडीथोडकी नाहीत. खेड तालुक्यातील शेरवली येथे 1858 साली जन्मलेले आणि दापोलीजवळच्या मुरूडला वाढलेले धोंडो केशव कर्वे यांनी 1915 साली ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध केले. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेल्यावर वय लहान दिसते म्हणून परत पाठवल्याची त्यातील हकिगत ही एकोणिसाव्या शतकातील शिक्षण, अंतर आणि दारिद्र्य यांचा दाखला आहे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया या देवरुखच्या. त्यांचे ‘माझे पुराण’ हे कथन कावेरी कर्वे यांनी संपादित केले. बालवैधव्य, पुनर्विवाह आणि त्यानंतर गावाने टाकलेला बहिष्कार यांकडे पतीने पाहिले ते सुधारकाच्या दृष्टीने आणि पत्नीने पाहिले ते संसाराच्या दृष्टीने. ही दोन्ही कथने शेजारी ठेवली म्हणजे एकाच घटनेच्या दोन बाजू तपासता येतात.

मंडणगड तालुक्यातीलच आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव, आणि त्यांचे वडील निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहिले होते. बाबासाहेबांनी इंग्रजीत, स्वहस्ते लिहिलेल्या आठवणी त्यांनीच 1945 साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या संग्रहात जपल्या गेल्या आणि 1990 साली ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने पुस्तिकारूपाने बाहेर आल्या. सातारा जिल्ह्यात नोकरीला असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी 1901 साली निघालेल्या मुलांना मसूर स्थानकावर आणि पुढे बैलगाडीच्या वाटेवर जात कळताच मिळालेली वागणूक, आणि रात्रभर न मिळालेले पिण्याचे पाणी, यांचे त्यात वर्णन आहे. कोणत्याही सरकारी नोंदीत न सापडणारा हा अनुभव लेखकाच्या हयातीनंतर तीन दशकांहून अधिक काळाने जगापुढे येऊ शकला, याचे श्रेय ती पाने नीट ठेवणाऱ्या संस्थेला जाते.

याच्या उलट वाटेने टिकलेले व्यक्तिगत जीवनही रत्नागिरीत आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता, आणि त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आज शहराची खूण बनला आहे. त्याच्या कुटुंबाचा खर्च, तक्रारी, विनंत्या आणि मुलींच्या विवाहांचे प्रश्न यांची माहिती मुख्यतः सरकारी पत्रव्यवहारातून मिळते. अशा कागदांत माणूस दिसतो, पण पहारेकऱ्याच्या नजरेतून. म्हणूनच व्यक्तीने स्वतः लिहिलेला कागद आणि व्यक्तीविषयी इतरांनी लिहिलेला कागद यांतील फरक अभ्यासकाला सतत ध्यानात ठेवावा लागतो.

कोकणात अशा साधनांचा पहिला शत्रू हवामान आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्टीत दमट हवेने कागदावर बुरशी चढते, तर कसर आणि वाळवी बांधलेल्या रुमालाची आतून चाळण करतात. 1864 साली स्थापन झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने 2005 आणि 2021 अशा दोन महापुरांत ग्रंथसंपदेची मोठी हानी सोसली आणि दोन्ही वेळा संस्था पुन्हा उभी राहिली. नदीकाठच्या गावातील संग्रह वरच्या मजल्यावर हलवणे, कपाटे भिंतीपासून दूर ठेवणे, कागद आम्लरहित वेष्टनात गुंडाळणे आणि प्रत्येक पानाची संगणकीय प्रतिमा दुसऱ्या गावी ठेवणे, ही कामे खर्चाची असली तरी एका पुरात बुडणाऱ्या शतकाच्या तुलनेत स्वस्तच आहेत.

दुसरा शत्रू अज्ञान आहे, आणि त्यावर उपाय अधिक सोपा आहे. विसाव्या शतकात कोकणातील अनेक घराण्यांनी वंशावळी, पत्रे आणि क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी जमवून कुलवृत्तांत छापले. मात्र ज्या कागदांवरून ते तयार झाले, ते छपाईनंतर जपलेच गेले असे नाही. शिवाय कुलवृत्तांत काढण्याची ऐपत आणि अक्षरओळख ज्या घरांत होती त्यांचाच भूतकाळ त्यात आला. मुंबईच्या गिरणीतून गावी पाठवलेल्या मनीऑर्डरची पावती, खोताशी झालेल्या वादाची कुळाने ठेवलेली नक्कल, किंवा बोटीवर काम करणाऱ्याची पत्रे यांना दप्तर मानण्याची सवय आपल्याकडे लागलीच नाही. खोती नाहीशी करण्याचे विधेयक आंबेडकरांनी 1937 साली मांडले आणि कायदा 1949 मध्ये झाला, हे सर्वांना माहीत आहे. त्या बारा वर्षांत कुळाच्या ओटीवर काय बोलले जात होते, हे अशा कागदांतूनच कळू शकेल.

जिल्ह्यातील वाचनालयांनी, महाविद्यालयांनी आणि इतिहासप्रेमी मंडळींनी घरोघरच्या कागदांची सूची करावी, मोडी वाचणारे हात तयार करावेत, वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि मालकांचा हक्क अबाधित ठेवून मूळ कागद किंवा किमान त्यांच्या प्रती सार्वजनिक संग्रहात आणाव्यात, हे काम आज करण्यासारखे आहे. पुणे-मुंबईत गेलेली दप्तरे तेथे सुरक्षित आहेत आणि ती परत मागण्याचे कारण नाही. परंतु त्यांची सूची रत्नागिरीत असली पाहिजे, म्हणजे वेळास, आंबडवे किंवा मुरूडच्या शाळेतील मुलाला आपल्या गावाचा इतिहास कोठे ठेवला आहे हे तरी कळेल. गोडसे भटजींचे बाड एका संस्थेने घेतले म्हणून एका आयुष्याचे खरे शब्द उरले. तशीच दारे जिल्ह्यात उघडी राहिली, तर ज्यांनी कधी पुस्तक लिहिले नाही त्यांचेही शब्द इतिहासात दाखल होतील.