देशाच्या पावसाची खतावणी

२६ जुलै २००५ ही तारीख कोणताही मुंबईकर विसरणार नाही. पण हवामान खात्याच्या दैनंदिन नोंदीत सांताक्रूझचा तो ९४४ मिलिमीटर पाऊस २६ तारखेसमोर शोधू गेलात तर तो तिथे मिळत नाही. तो २७ जुलैसमोर लिहिलेला आहे. यात कोणाची चूक नाही. आपल्या देशात पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांत जे साठले ते मोजल्याच्या तारखेला लिहितात. २६ तारखेच्या दुपारी आणि संध्याकाळी जे कोसळले ते दुसऱ्या दिवशी सकाळी मोजले गेले, म्हणून ते २७चे झाले.

हा नियम एकदा कळला की महिन्याच्या आकड्याकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ३१ मेच्या संध्याकाळी झालेला वळीव १ जूनच्या खात्यात जातो आणि 'मान्सूनचा पाऊस' म्हणून मोजला जातो. ३० सप्टेंबरच्या दुपारची सर ऑक्टोबरची होते. वर्तमानपत्रात 'जूनमध्ये सरासरीच्या इतके टक्के पाऊस' असे आपण वाचतो तेव्हा तो जून आपल्या दिनदर्शिकेतला नसतो. तो साडेआठ ते साडेआठ असा, थोडा सरकलेला जून असतो. देशभर सगळीकडे तो सारखाच सरकलेला असल्यामुळे बिघडत काही नाही. हिशेबाच्या वहीत पद्धत कोणती हे दुय्यम असते, ती सर्वांनी एकच पाळणे महत्त्वाचे.

गेली काही वर्षे मी जुन्या पर्जन्य-नोंदवह्या वाचण्याच्या नादाला लागलो आहे. हवामानशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते वह्यांतून, जुन्या अहवालांतून आणि ज्यांनी आयुष्यभर ही मापे घेतली अशा माणसांशी बोलून. म्हणून हा लेख पाऊस कसा पडतो याविषयी नाही, तो कसा लिहिला जातो याविषयी आहे.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात एक अरत्नी, म्हणजे साधारण दीड फूट, रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे असे सांगितले आहे, आणि प्रदेशवार पावसाची मापे द्रोणात दिली आहेत. अश्मक देशाला साडेतेरा द्रोण, अवंतीला तेवीस. अश्मक म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातला मुलूख असे अभ्यासक मानतात. माळव्यापेक्षा तिथे पाऊस कमी, हे त्या काळीही कोणीतरी मोजून ठेवले होते. मला यात सर्वांत बोलकी वाटते ती कुंडाची जागा. ते देवळात नाही की ज्योतिषाच्या अंगणात नाही, ते धान्याच्या कोठारात आहे. पाऊस मोजायचा तो पेरणी आणि महसूल यांसाठी.

इंग्रजी अमलातही कारण तेच होते. १८६४ साली कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आले, १८६६ साली ओरिसात दुष्काळ पडला, १८७१ साली पावसाने पुन्हा दगा दिला. तोपर्यंत प्रांतोप्रांतीच्या वेधशाळा होत्या, मुंबईची कुलाबा वेधशाळा तर १८२६पासूनची. पण प्रत्येकाची उपकरणे वेगळी, वेळा वेगळ्या, मांडणी वेगळी. दोन प्रांतांचे आकडे शेजारी ठेवले तरी त्यांची तुलना होत नसे. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे हे काम आले. ते मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. हिमालयातल्या बर्फाचा आणि मान्सूनचा संबंध जोडून त्यांनी दिलेल्या पूर्वानुमानांसाठी त्यांचे नाव घेतले जाते. माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम याहून रूक्ष आहे: सगळ्या देशाला एकाच पद्धतीने लिहायला लावणे. खाते नुकते उभे राहत होते तेवढ्यात १८७६-७८चा महादुष्काळ आला. त्यानंतर 'या नोंदी कशाला?' हे कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

या खात्याचे मुख्यालय कलकत्त्याहून सिमल्याला गेले आणि १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. पुण्यात शिवाजीनगरला ज्याला आपण 'सिमला ऑफिस' म्हणतो, ते हे. पुणेकर रोज त्या चौकातून जातात, पण पुण्यातल्या कार्यालयाला सिमल्याचे नाव का, हे फारसे कोणी विचारत नाही. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला हलले, पण हवामानाच्या नोंदींचे राष्ट्रीय भांडार पुण्यातच राहिले. आजही देशभरातली मासिक माहिती इथे येते, तपासली जाते आणि जपली जाते.

आता प्रत्यक्ष माप. पर्जन्यमापक म्हणजे एक नरसाळे आणि त्याखाली साठवणीचे भांडे, इतकेच. सायमन्सच्या जुन्या पर्जन्यमापकाचे तोंड पाच इंची असे. आता फायबरचे, शंभर किंवा दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाचे मापक आहेत. त्याची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर हवी आणि जवळची कोणतीही वस्तू, झाड असो की भिंत, तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवी. हा शेवटचा नियम पाळायला सर्वांत कठीण. मापक बसवला तेव्हा मोकळे मैदान असते. मग कोणीतरी वनमहोत्सवात तिथेच कडुनिंब लावतो, नंतर सायकलींसाठी छप्पर उभे राहते, आणि वीस वर्षांत मापक पावसाच्या आडोशाला जातो. वहीत मात्र पाऊस कमी झालेला दिसतो.

जुन्या वह्यांत पाऊस इंच आणि सेंटमध्ये असतो. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. दहा सेंट पडले की तो 'पावसाचा दिवस'. दशमान पद्धत आली तेव्हा दहा सेंटचे अडीच मिलिमीटर झाले आणि आजही अडीच मिलिमीटर हीच पावसाच्या दिवसाची मर्यादा आहे. अडीच हा विचित्र आकडा कुठून आला, असे मला पुष्कळजण विचारतात. तो इंचातून आला.

तापमानाचे असेच आहे. तापमापक ठेवायची पांढरी, झडपांची लाकडी पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने बनवली. हे कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. आपल्याकडे पेटीचे दार उत्तरेला असते, उघडताना ऊन आत येऊ नये म्हणून. पण सुरुवातीच्या दशकांत भारतीय वेधशाळांत तापमापक गवताने शाकारलेल्या उघड्या मांडवात टांगलेले असत. मांडवातला पारा आणि पेटीतला पारा अगदी सारखा वागत नाही. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांत तापमान किती वाढले, हे सांगण्याआधी अभ्यासकाला विचारावे लागते की तापमापक तेव्हा कशाखाली होता.

आता वहीतल्या सर्वांत धोकादायक चिन्हाविषयी. ते म्हणजे शून्य. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचे, माप घेतलेच नाही तर आडवी रेघ. नियम इतका सोपा. पण मापे घेणाऱ्याला रजा हवी असते, रविवार असतो, लेकीचे लग्न असते. मग रविवारी शून्य आणि सोमवारी दोन दिवसांचा पाऊस एकदम, असे होते. महिन्याच्या बेरजेला याने काही होत नाही, कारण पाणी भांड्यातच राहिलेले असते. पण पावसाचे दिवस एकाने कमी होतात आणि सोमवारी 'अतिवृष्टी' झाल्याचा भास होतो. याउलट खरेच कोरड्या दिवसाला कोणी रेघ मारली, तर संगणक तो दिवस गहाळ धरतो. मी वही हातात घेतो तेव्हा आधी रविवार आणि सोमवार वेगवेगळे काढून पाहतो. शून्य आणि पाच यांवर संपणारे आकडे वाजवीपेक्षा जास्त दिसले की तेही खटकते. निसर्गाला पाचाच्या पाढ्याची आवड नाही.

हे सगळे तपासून झाले की देशाचा आकडा काढायचा. तो साध्या सरासरीने निघत नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलात तर तो हजाराच्याही आत येतो. सरळ अंतर थोडेसेच. महाबळेश्वरच्या आजूबाजूला आणखी चार मापके बसवली तर साध्या सरासरीत सातारा जिल्ह्याचा पाऊस वाढेल, आभाळातून एक थेंब जास्त न पडता. म्हणून प्रत्येक केंद्र किती क्षेत्राचे प्रतिनिधित्व करते ते ठरवून त्या प्रमाणात त्याला वजन देतात. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७१पासूनची मासिक पावसाची मालिका अशी तयार केली. ३०६ केंद्रे, हिमालयाचा डोंगराळ भाग वगळून, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच केंद्रे. केंद्रे हजारोंनी उपलब्ध असताना ३०६च का? कारण मध्येच केंद्रे वाढवली तर पाऊस बदलला की मोजणी बदलली, हे सांगता येत नाही.

तरीही 'सरासरी' बदलते, आणि ती बदलली की बातम्या बदलतात. २०२२ साली हवामान खात्याने मान्सूनची देशाची सरासरी ८८०.६वरून ८६८.६ मिलिमीटर केली. आधीची १९६१ ते २०१० या काळाची, नवी १९७१ ते २०२० या काळाची आणि चार हजारांहून अधिक पर्जन्यमापकांवर आधारलेली. एखाद्या वर्षी ८७० मिलिमीटर पडला तर जुन्या हिशेबाने तो सरासरीहून कमी, नव्या हिशेबाने किंचित जास्त. पीक तेच, विहीर तीच. त्यामुळे टक्केवारी वाचताना 'कोणत्या सरासरीच्या?' हे विचारायची सवय ठेवावी.

महिना हा तुकडाही किती दाखवतो आणि किती लपवतो, याचे उदाहरण २०२३चे. देशात त्या हंगामात ८२० मिलिमीटर, म्हणजे सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. ऐकायला फारसे वाईट नाही. पण महिने सुटे केले की जुलैत १३ टक्के जास्त आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी. २५४.९ अपेक्षित असताना १६२.७. १९०१पासून इतका कोरडा ऑगस्ट देशाने पाहिला नव्हता. सप्टेंबरने पुन्हा १३ टक्के जास्त दिले आणि हंगामाची बेरीज बरी दिसू लागली. ऑगस्टमध्ये करपलेल्या सोयाबीनला त्या बेरजेचा काय उपयोग? आपले शेतकरी नक्षत्रांत बोलतात. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस ही पुनर्वसू-पुष्याची नावे अजून गावोगाव चालतात. २०२३चा ऑगस्ट म्हणजे जवळजवळ नेमक्या आश्लेषा आणि मघा, आणि मघा कोरड्या गेल्या तर पुढे आभाळाकडे बघत बसावे लागते, हे म्हणीतून सर्वांना ठाऊक असते. नक्षत्रांचा पाऊस-अंदाज मला मान्य नाही. पण तेरा-चौदा दिवसांचा हा तुकडा पिकाच्या वाढीला महिन्यापेक्षा जवळचा आहे. कृषी-हवामानशास्त्रज्ञ आठवड्यांत हिशेब करतात, तेही याचसाठी.

आज या नोंदींवर पैसा अवलंबून आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी आणि मदतीचा विचार सुरू. २०२५पूर्वी पावसाचा २१ दिवसांचा खंड पडला तर विम्याच्या भरपाईचा प्रश्नही येत असे. म्हणजे दहा-पंधरा गावांचे नशीब एका यंत्राच्या तोंडाशी बांधलेले. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या चोवीस तासांत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटरच पडला होता. एका मंडळातही एका शिवारात ढग फुटतो आणि दुसऱ्यात धूळ असते. यंत्रावर ६४ आले तर त्या शेतकऱ्याला काय सांगायचे?

महाराष्ट्रात आता महावेधची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. रविवार-सोमवारचा घोळ त्यांनी संपवला. पण त्यांचे स्वतःचे स्वभाव आहेत. या यंत्रांत सहसा सी-सॉसारखी दोन छोटी भांडी असतात. एक भरले की कलंडते, दुसरे खाली येते, आणि यंत्र कलंडण्या मोजते. मुसळधार पावसात कलंडता कलंडता काही पाणी निसटते आणि माप थोडे कमी येते. नरसाळ्यात पाने अडकली तर पाऊस थेंबथेंब, उशिरा नोंदला जातो. म्हणून जुना मापक काढून नवा बसवताना दोन्ही शेजारी ठेवून काही वर्षे मोजावे लागते. दोघांतला फरक कळला तरच जुनी शंभर वर्षे नव्या आकड्यांना जोडता येतात. जुना मापक भंगारात काढला की ही जोडणी नंतर कोणालाही करता येत नाही. मी पाहिलेल्या एका कार्यालयात जुना मापक कुंडीसारखा वापरात होता, त्यात तुळस लावलेली.

कागदी वह्यांची स्थिती त्याहून नाजूक आहे. मासिक गोषवारे वर पाठवलेले असतात, ते सुरक्षित आहेत. पण दैनिक पाने, मूळ हस्ताक्षरातली, अनेक ठिकाणी वाळवीच्या तोंडी आहेत. या पानांचे मोल शेवटच्या रकान्यात आहे. 'शेरा' असा तो रकाना. 'मापकाची जागा बदलली', 'भांडे गळत होते, नवे मागवले', 'चिंचेची फांदी तोडली', असे त्यात लिहिलेले सापडते. गोषवाऱ्यात हे काही पोचलेले नसते. अमुक साली या तालुक्याचा पाऊस अचानक का वाढला, याचे उत्तर मला एकदा प्रशांत महासागरात नाही तर त्या चिंचेत मिळाले. म्हणून मी जे तक्ते संगणकावर उतरवतो आहे, त्यांत तारीख, पाऊस, पावसाचा दिवस होय-नाही असे रकाने आहेत, आणि शेवटी शेऱ्याचा. तो भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण ती मोडी वळणाची घाईची अक्षरे लागता लागत नाहीत. सध्या मी १९३०च्या दशकात आहे.