तिला कुणी मारलेलं नाही

घाबरट कुत्री घरी आणली की पाहुण्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘बिचारीला कुणीतरी खूप मारलेलं दिसतंय!’ आमची काळी आली तेव्हा हे इतक्यांदा ऐकलं, की त्या न पाहिलेल्या माणसाचा मलाही राग येऊ लागला. तसा माणूस बऱ्याचदा नसतोच.

अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या संशोधकांचा एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. कॉकर स्पॅनियल आणि बीगल पिल्लं त्यांनी कुंपणाआड, माणसाचा सहवास न देता वाढवली. वेगवेगळ्या वयाची पिल्लं आठवडाभरासाठी माणसांत आणली. ज्यांना १४ आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती रानातल्या जनावरांसारखी बुजरी राहिली. त्यांच्यावर कुणी काठी उगारली नव्हती. पिल्लाला जगाची ओळख होते ती साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात. तेव्हा जे भेटत नाही, त्याचा पुढे धसका बसतो. शिवाय भित्रेपणा काही अंशी रक्तातूनही येतो. मार खाल्लेली कुत्री असतातच, नाही असं नाही. पण कारण ‘मार’ धरलं की उपाय ‘प्रेम’ ठरतो, आणि सगळं घर तिच्यावर प्रेम करायला धावतं. तिला तर नेमकं तेच नको असतं.

काळीने पहिले ११ दिवस वॉशिंग मशीन आणि भिंतीमधल्या फटीत काढले. कुकरची शिट्टी झाली की पाणी पिता पिता ती मागे सरकायची. जेवायची रात्री, दिवे मालवल्यावर. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘किती गुणी आहे हो, आवाज नाही तिचा!’ तो गुण नव्हता. भीतीने गोठलेलं कुत्रं शांतच दिसतं. झोप आलेली नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, मान वळवून डोळ्यांतलं पांढरं दाखवत पाहणं, समोर चिकन असून तोंड न लावणं, हे सगळं ‘लांब राहा’ असं सांगणं असतं.

‘चार माणसांत न्या, भीड चेपेल’ हा सल्ला सर्वांत घातक. पळायला वाट नसली की कुत्रं हार मानतं, नाहीतर चावतं. समजा, ती स्कूटरला घाबरते. मग स्कूटर दिसतेय पण खाणं घशाखाली उतरतंय, इतक्या अंतरावर थांबा. स्कूटर दिसली की चिकनचा तुकडा. अंतर कमी करायचं ते दिवसांच्या नव्हे, आठवड्यांच्या हिशेबाने. हातानेच भरवायचा हट्टही नको. भुकेपोटी ती पुढे येते, तुकडा संपतो, आणि आपण माणसाच्या अगदी पुढ्यात उभे आहोत हे तिला उमगतं. त्यापेक्षा तुकडा तिच्या मागे टाका. लांब जाऊन खाऊ दे, मग आपणहून वळू दे. काळी पहिल्यांदा वळली ती एकविसाव्या दिवशी.

‘घाबरली की जवळ घेऊ नका, भीती वाढते’ हेही खोटं. भीती म्हणजे खाऊ देऊन शिकवलेली कसरत नव्हे. दिवाळीत फटाके वाजल्यावर ती स्वतः येऊन चिकटली तर खुशाल चिकटू द्या. पलंगाखाली गेली तर मात्र ओढून काढू नका.

घरात आधीचं धीट, माणसाळलेलं कुत्रं असेल तर त्याचं पाहून ती बरंच शिकते. काहींना पशुवैद्याने दिलेली औषधं लागतात. त्यात लाज कसली? आणि काही कुत्री शेवटपर्यंत पाहुण्यांपुढे येत नाहीत. काळीला दोन वर्षं झाली. घरातल्या आम्हा तिघांची ती आहे. चौथं कुणी आलं की वॉशिंग मशीनमागे.

कुत्री आणणार असाल तर आणखी एकच. घाबरलेलं कुत्रं मागे रेटा देऊन गळपट्टा डोक्यावरून क्षणात काढून टाकतं. पहिले काही महिने बाहेर नेताना हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हीला वेगवेगळी दोरी लावा. आणि बेल वाजली की दार उघडण्याआधी ती कुठे आहे ते बघा.