हवा गाळणाऱ्या यंत्राचे दुखणे

नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, यांपैकी कोणत्याही बाजाराच्या गावी गेलात तरी रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमधला एखादा फर्निचरचा कारखाना तुम्हाला दिसेलच. पूर्वी सुताराच्या दारात रंध्याच्या ढलप्यांचा ढीग असे. आता प्लाय आणि एमडीएफ आले, विजेवर चालणारा सँडर आला, आणि ढलप्यांच्या जागी पीठ उडू लागले. ढलपी फार तर पायाला टोचते. पीठ मात्र छातीत जाते.

या पिठातला जो कण डोळ्यांना दिसतो तो खाली बसतो, झाडूने निघतो. खरा घातक तो न दिसणारा. 5 मायक्रॉनचा कण, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग, स्थिर हवेत माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे अर्धा तास घेतो. त्याहून बारीक कण काही तास तरंगत राहतात. यंत्रे बंद करून माणसे डबा खायला बसतात तेव्हा हीच हवा श्वासाबरोबर आत जात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला. नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. म्हणून काही कारखानदार आढ्याला हवा गाळणारे यंत्र टांगतात.

यंत्र तसे साधे आहे. पत्र्याची पेटी, तोंडाशी जाड गाळणी, आत बारीक कापडी पिशवीची गाळणी, आणि मागे हवा ओढणारा पंखा. मोटर बहुधा आपल्या उन्हाळी कूलरच्याच जातीची असते. तिच्या गुंडाळीतून तीन वायरी निघतात, तीन वेगांसाठी. अवघड भाग एकच, तो म्हणजे हुकूम देणारे कार्ड. रिमोटचा इशारा ओळखणे, वेग ठरवणे, ठरलेल्या वेळी यंत्र थांबवणे ही सारी कामे हे तळहाताएवढे कार्ड करते. आणि बिघडते तेही तेच.

मी भाषेचा प्राध्यापक. विजेशी माझा संबंध दिवा लावण्यापुरता. पण मंचरच्या बाजूला एका मिस्त्रींकडे पुस्तकांचे कपाट करायला टाकले होते, ते पाहायला गेलो तर त्यांचे असले यंत्र मुके लटकत होते. मिस्त्री म्हणाले, “सर, सकाळच्याला चालतंय, सांजच्याला रुसतंय. एक म्हणतो मोटर जळाली, दुसरा म्हणतो नवीनच घ्या.” जळालेली मोटर सकाळी कशी हो चालेल? एवढे तर माझ्यासारख्यालाही कळले. आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे सहकारी गळ घालून मी तेथे नेले. त्यांनी जे दाखवले ते तुम्हाला सांगतो.

कार्डाला लागते 12 व्होल्ट, घरात येते 230. हा दाब उतरवायला ट्रान्सफॉर्मर घातला तर खर्च आणि वजन वाढते. म्हणून पुष्कळ कार्डांत कारखानदार एक चौकोनी कपॅसिटर घालतात. नळाची तोटी जशी ठरावीक धारच सोडते, तसा हा कपॅसिटर ठरावीक प्रवाहच पुढे जाऊ देतो. 1 मायक्रोफॅरडचा असेल तर सुमारे 72 मिलिअँपिअर. कार्डावरच्या रिलेला, म्हणजे मोटरचा प्रवाह जोडणाऱ्या छोट्या विद्युत्-खटक्याला, 30 च्या आसपास लागतात. दिव्याला आणि चिपला थोडे. म्हणजे हिशेब ऐसपैस आहे.

पण या कपॅसिटरचा एक स्वभाव आहे. विजेचा झटका आला की त्याच्या आतल्या पातळ धातूच्या थराचा एखादा ठिपका जळतो, आणि तेवढा भाग सोडून तो पुन्हा काम करू लागतो. गुण चांगलाच, त्यामुळे तो फुटत नाही, पेटत नाही. परंतु दर झटक्याला थोडा थोडा झिजत जातो. आपल्या भागात वीज जाते किती वेळा आणि येते कशी, हे तुम्हाला सांगायला नको. मिस्त्रींच्या यंत्रातला कपॅसिटर मापला तेव्हा 1 चा 0.42 झालेला निघाला. सकाळी पूर्ण दाब असताना 30 मिलिअँपिअर मिळत. रिले कशीबशी ओढली जाई. सांजेला गावभर दिवे आणि मोटारी लागल्या, दाब 180 वर आला, की मिळत 24. दिवा मिणमिणे, पण रिले जागची हलत नसे. रुसण्याचे कारण ते एवढेच! नवा कपॅसिटर काही रुपयांचा. पुण्याला तपकीर गल्लीत मिळाला.

मात्र दुकानात जाऊन नुसते “एक मायक्रोफॅरड द्या” म्हणू नका. एक्स-2 जातीचा, 275 व्होल्ट एसी किंवा त्याहून अधिक असे छापलेला मागा. दुसऱ्या जातीचा घातला तर तो कधी आग लावील याचा नेम नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती जिवाची आहे. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे हे कार्ड सरळ मुख्य विजेला जोडलेले असते. 12 व्होल्टचा भाग म्हणून बोट लावाल तर 230 चा धक्का बसेल. बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून तो आपल्या खिशात ठेवा. मग काही वेळ थांबा आणि कपॅसिटरच्या दोन टोकांना जुन्या गोळा-दिव्याच्या वायरी टेकवून उरलीसुरली वीज उतरवा. मोटरच्या कपॅसिटरलाही, ज्याला आपले वायरमन कंडेन्सर म्हणतात, हेच करा.

प्रत्येक वेळी दोष येथेच असतो असे मात्र नाही. बटण दाबल्यावर कान द्या. “टक्” असा आवाज आला आणि मोटर नुसती गुणगुणली, तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्या. टक् झाले आणि काहीच घडले नाही, तर रिलेचे संपर्क जळलेले असतील किंवा मोटरच गेलेली असेल. प्लग काढून मीटरने तिन्ही वायरींचा रोध मोजा. तिन्ही आकडे वेगवेगळे पण बेताचे आले आणि पत्र्याशी काहीही जोड दिसला नाही, तर मोटर बहुतेक शाबूत आहे. अर्ध्या तासाने बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होणारे यंत्र असेल तर कार्ड उघडूच नका. आधी गाळणी झटका. गाळणी तुंबली की मोटरला गार ठेवणारी हवा थांबते, ती तापते आणि आतला रक्षक खटका तिला बंद करतो. गाळणी अंगणात झटका, नाकाला कापड नव्हे तर चांगला मास्क लावून.

कार्ड अगदीच जळाले आणि नवे मिळेना, तर? कार्ड काढून कूलरचा तीन वेगांचा फिरता खटका बसवता येतो. येथे एक चूक हमखास होते. वायरमन तीन वेगांना तीन वेगळी बटणे देतो. दोन बटणे एकदम दाबली गेली की गुंडाळीचा मधला तुकडा दोन्ही टोकांनी एकमेकाला जोडला जातो आणि मोटर खरोखरच जळते. कार्ड एका वेळी एकच रिले लावत असे. फिरता खटकाही एका वेळी एकच वायर जोडतो. म्हणून तोच हवा. आणि सोबत एक चावीचा टायमर बसवा. काम संपल्यावर तास-दोन तास यंत्र चालावे हा त्याचा हेतू. तरंगणाऱ्या कणांचा हिशेब वर सांगितलाच आहे.

खोडदच्या आसपास राहणाऱ्यांसाठी थोडे अधिक. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 थाळ्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणारा त्यांचा संदेश अतिशय क्षीण असतो आणि ठिणगी उडवणारा प्रत्येक सैल संपर्क रेडिओ-गोंगाट करतो. यंत्राची मोटर स्वतः शांत आहे, तिला कार्बन ब्रश नसतात. पण जळक्या रिलेच्या ठिणग्या तशा नाहीत. विजेच्या प्रवेशापाशी गोंगाट दाबणारा एक छोटा कपॅसिटर असतो. कार्ड काढताना तो “जादा” समजून फेकू नका, नव्या जोडणीतही ठेवा.

मिस्त्रींचे यंत्र आता सांजेलाही चालते. झाकण लावण्यापूर्वी त्यांनी आतल्या पत्र्यावर सुतारी पेन्सिलीने बदलाची तारीख लिहिली. शेजारी कपॅसिटरचा आकडाही लिहून ठेवला.